मेनूमधली हाळी

जगानं फेकून दिलेली प्रत्येक वस्तू आमच्या अभ्यासक्रमात सुखानं नांदते. मल्टिमीडियाच्या डिप्लोमाला पन्नास मार्कांचा एक प्रकल्प आहे, 'इंटरॲक्टिव्ह डीव्हीडी मेनूची रचना आणि चाचणी'. डिस्क प्लेअरमध्ये घातली की टीव्हीवर पहिलं पान येतं, मागे काहीतरी हलत असतं, आवाज चालू असतो, आणि रिमोटचे बाण दाबून हवं ते बटण निवडायचं असतं. तो मेनू. पोरांनी तो तयार करायचा आणि माणसांच्या हातात रिमोट देऊन तपासायचा. आता डीव्हीडी बघतं कोण? लग्नवालेसुद्धा पेनड्राइव्ह मागतात. आमच्या लॅबमध्ये डिस्क राइट करता येईल असा एकच कॉम्प्युटर उरलाय, आणि त्याचा ट्रे बाहेर काढायला टाचणी खुपसावी लागते.

मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर मानधन, आणि मत दिलं तर पुढच्या वर्षी तास नाहीत. तरी एकदा राहवलं नाही म्हणून मी विभागप्रमुख बापूसाहेब सरांना म्हणाले, "सर, हे बदलायला पाहिजे. पोरं हसतात."

सर खुर्चीत रेलून सुपारी कातरत होते. "मॅडम, अभ्यासक्रम कुणाचा?"

"विद्यापीठाचा."

"आणि हसतं कोण?"

"पोरं."

"मग हसू द्या की. ह्या वयात हसायचं नाही तर कधी?"

एवढं बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा आमचा विभाग. त्यात आंधळं कुणीच नाही, एवढाच फरक.

पोरं हसतात आणि नवी पेठेत जातात. तिथं अमरेशचं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगची काटछाट करायची, मधे गाणी घालायची, ह्याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात. अमरेशच्या डीव्हीडीच्या धंद्याला आता वर्षातून एकदाच भरती येते, आमच्या सबमिशनच्या आधी. मागे सोनेरी पडदा, कोपऱ्यात गुलाब, वरून पडणाऱ्या पाकळ्या. विषय कोणताही असो, पडदा तोच. त्या वर्षी शिवराज नावाच्या पोराचा प्रकल्प 'ठिबक सिंचन' ह्या विषयावर होता. मी बटणं दाबत गेले. पहिलं बटण 'प्रस्तावना', मग 'ठिबकचे फायदे', आणि खाली उजवीकडं 'पाठवणी'. दाबलं, तर कुणाची तरी मुलगी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"हे काय रे?" मी विचारलं.

"मॅडम, ते काढायचं राहिलं वाटतं."

"तू बघितलं नाहीस?"

"नाही मॅडम. मी डायरेक्ट बाइंडिंगला दिलं."

त्याच्या तोंडावर लाज नव्हती, भीती नव्हती, काहीच नव्हतं. त्या शांतपणाची मला किळस आली. माझ्यानंतर ही डिस्क कुणी बघणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि वाईट हे की त्याचं खरं होतं.

ह्या सगळ्या पडद्या-पाकळ्यांत रुपाली होती. मंगळवेढ्याच्या पुढं एक वाडी आहे, तिथल्या धनगराची पोर. बाप धुळा, आई बजाबाई, आज्जा सिद्धाप्पा, आणि मेंढरं. बाकीचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांब मुलखात जातात. ह्यांची पंचक्रोशीतच चरायची, कारण म्हाताऱ्याला आता लांब चालवत नव्हतं आणि म्हाताऱ्याच्या हाकेशिवाय मेंढरं हलत नव्हती. पोरगी शुक्रवार पेठेत मावशीकडं राहून शिकत होती. अंगानं बारकी, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की खाली मान घालून तिकडंच जाणारी. ती 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायची तेव्हा वर्गातल्या पोरी हसायच्या. त्यातल्या निम्म्या पोरींच्या आया घरी तेच बोलत असणार, हे मी पैजेवर सांगते.

प्रकल्पाचे विषय द्यायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "म्याडम, मी अमरेशदादाच्या दुकानात न्हाय जानार. मी माजा मेनू करनार. आमच्या मेंढरांवर."

"कर की. चांगलंच आहे."

"पर एक इचारायचं हुतं. परीक्षेला बाहेरनं जे सर येत्यात, ते बटनं दाबून बगत्यात का?"

"दाबायला पाहिजेत," मी म्हणाले.

'पाहिजेत' आणि 'दाबतात' ह्यांच्यामध्ये आमचं अख्खं कॉलेज मावतं. तिनं मात्र मान डोलावली आणि कॉलेजचा कॅमेरा मागायच्या अर्जावर सही घेऊन गेली.

म्हातारा मोबाइलसमोर कधी बोलायचा नाही. कुणी फोन धरला की तोंड फिरवायचा. "ह्यात कुटं माणूस मावतोय व्हय," म्हणायचा. पण तीन पायांवर उभा राहणारा कॅमेरा अंगणात आला तेव्हा त्यानं आपणहून पटका बांधला, काठी पुसली आणि विचारलं, "कुटं बगू?" मग तो असा बोलत सुटला की रुपालीला कार्ड बदलावं लागलं. कान कसा कातरला म्हणजे कुणाचं मेंढरू ते कळतं, कातरताना मेंढीला कशी बसवायची, पोट फुगलं तर काय पाजायचं. शेवटी ओव्या म्हणाला. लॅबमध्ये ते बघताना मी कामाला आले होते हे विसरले.

मेनूच्या पहिल्या पानावर तिनं संध्याकाळ ठेवली होती. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण, त्याच्या तोंडाशी म्हातारा उभा. तो हात तोंडाशी नेऊन हाळी देतो, "हिर्रर्र, आऽऽ ये ये येऽऽ", आणि लांबून मेंढरं येताना दिसतात. पडद्यावर चार मेंढ्या, प्रत्येकीचा कान वेगळा कातरलेला. त्याच बटणं. बाण दाबला की निवडलेल्या मेंढीच्या कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा टिळा उमटायचा. सोनेरी पडदा नाही, पाकळ्या नाहीत. मला एवढं बरं वाटलं की मी दिवसभर कुणावर ओरडले नाही.

मग चाचणी. तिनं डिस्क घरी नेली. घरी डबा टीव्ही होता आणि मामानं कधीतरी दिलेला डीव्हीडी प्लेअर. सोमवारी ती तोंड पाडून परत आली.

"म्याडम, मेनू नापास झाला."

"कुणी केला?"

"मेंढरांनी."

मी हातातलं काम खाली ठेवलं. झालं होतं असं की बजाबाईच्या हातात रिमोट दिला होता. त्या बाईनं कधी रिमोट धरलेला नाही. कुठलं बटण दाबायचं ह्याचा विचार करत ती बसली, आणि मेनूचा तर नियमच असा की बटण दाबेपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालत राहतो. म्हाताऱ्याची हाळी संपायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची. बाहेर वाघरीत बसलेली मेंढरं उठली. दोनदा, तीनदा हाक आली तशी सगळी जाळ्याला येऊन भिडली, कोकरं आयांपासून तुटली, नुसता कालवा. धुळा आतून धावला. आणि खाटेवर बसलेला म्हातारा चिडून म्हणाला, "म्या हितं बसलोय, तर तितं कोन हाक मारतंय?"

"आणि आई काय म्हणाली?"

"म्हनली, बंद कर ते. जितराबं उठल्यात."

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. मी म्हणाले, "आवाज काढून टाक. हलकं काहीतरी संगीत घाल." मेनूतला आवाज सारखा ऐकून माणूस वैतागू नये असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मेंढरांबद्दल पुस्तकात काही नाही.

तिनं पायाच्या अंगठ्याकडं बघत मान हलवली. "बाकीचं समदं बदलते म्याडम. हाळी न्हाय काढत. हाळीबिगर मेंढरं कुनाला बगून येत्यात?"

आणि तिनं खरंच बाकीचं सगळं बदललं. डबा टीव्हीत पडद्याच्या कडा कापल्या जातात, म्हणून आईला परत यायचं बटण दिसलंच नव्हतं. ते आत सरकवलं. 'मुख्य पान' हे शब्द आईला कळले नव्हते, तिथं 'माघारी' लिहिलं. ट्रायलसाठी लॅबची एकच पुसता येणारी डिस्क होती, तीच पुसून पुसून ती दर आठवड्याला घरी न्यायची आणि परत आणायची. शेवटी शेवटी बजाबाई एकटीनं चारही मेंढ्या उघडून माघारी यायला लागली, आणि चाचणीच्या वेळी टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचं घरच्यांना कळलं. मग रुपालीनं पक्की डिस्क राइट केली, मार्करनं तिच्यावर नाव लिहिलं आणि शेजारी एक मेंढरू काढलं.

परीक्षेचा दिवस सांगायचा तर आधी जेवणाचं सांगायला पाहिजे, कारण विभागात तयारी त्याचीच चालली होती. बाहेरून परीक्षक येणार म्हणून कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वरून गोड काय, ह्यावर दोन दिवस खल. प्रश्न काय विचारायचे ह्यावर एक मिनिट नाही. रुपाली मावशीकडचा प्लेअर पिशवीतून घेऊन आली होती. रिमोटला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. तिनं हॉलमधल्या टीव्हीला वायर जोडली, मेनू लावला आणि रिमोट दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

परीक्षक जेवून आले, दातात काडी. बापूसाहेब सर पाठीमागे.

"हं, काय विषय?"

"मेंढरं, सर."

"वा. ग्रामीण." त्यांनी रिपोर्टच्या पहिल्या पानावर सही केली.

"सर," रुपालीनं रिमोट पुढं केला, "बटनं दाबून बगायची हायेत."

"अगं, बघितलं समज."

बापूसाहेब सर हसले, म्हणून परीक्षकही हसले. टीव्हीवर म्हातारा हाळी देत होता, आणि दोघं गाडीकडं निघाले. मी तिथंच उभी होते. निकाल लागला तेव्हा शिवराजला रुपालीपेक्षा जास्त मार्क होते. त्याच्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं होती ना.

घरी बजाबाईनं विचारलं, सायब काय म्हनले? रुपालीनं सांगितलं, चांगलं हाय म्हनले. ती खोटं बोलल्याचं मला माहीत आहे ते एवढं एकदाच.

डिस्क मात्र परत मिळाली नाही. "सबमिशन आहे ते," बापूसाहेब सर म्हणाले. "तीन वर्षं जतन करायचं असतं. नियम आहे." सगळ्यांच्या डिस्का स्टोअररूमच्या कपाटात गेल्या. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. लॅबच्या कॉम्प्युटरवर सगळं होतंच.

दिवाळीच्या सुट्टीत लॅबचे कॉम्प्युटर फॉरमॅट झाले. कुणाला विचारून, ते विचारू नका. कॅमेऱ्याची कार्डं पुसून गॅदरिंगच्या शूटिंगला दिली. आणि मार्गशीर्षात एका सकाळी म्हातारा उठलाच नाही.

दिवस घालून रुपाली कॉलेजला आली. केस तेल न लावलेले, आवाज बसलेला. मला म्हणाली, "म्याडम, आज्जा बोलतोय असं कायच न्हाय आमच्याकडं. एक फोटू हाय रेशनकार्डासाठी काढलेला. मला ती डिस्क पायजे."

मी तिला घेऊन सरांकडं गेले. सर म्हणाले, "फार वाईट झालं. पण नियम म्हणजे नियम."

"सर, कॉपी काढून लगेच परत ठेवते," मी म्हणाले. "तुमच्यासमोर काढते."

"मॅडम, तुम्ही भावनिक होताय. आज एकीला दिली की उद्या सगळे मागतील."

सगळे मागतील. शिवराज त्याची ठिबक सिंचनाची पाठवणी मागायला येईल, ही भीती त्यांना वाटत होती. मी शिपाई चन्नप्पाला गाठलं, कपाटाची किल्ली त्याच्याकडं असते. तो किल्ल्यांचा जुडगा खिशात सारत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला काय विचारू नका मॅडम. सरांनाच विचारा."

रुपाली विचारत राहिली. सर कधी मीटिंगमध्ये, कधी जेवायला, कधी नुसतेच 'बघू'. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उभं असलेलं माणूस दिसत नाही, आणि हिच्या घरी तर खरी मेंढरं होती. मी चिडले की तीच म्हणायची, "असू द्या म्याडम. कपाटात हाय न्हवं? कुटं जातीय."

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा संपली. थंडी टिकून होती, आणि बापूसाहेब सरांनी मोहोळजवळच्या आपल्या शेतात विभागाची हुरडा पार्टी ठेवली. मला म्हणाले, "हाताखाली दोन-तीन पोरी घ्या. ती धनगराची घ्या, तिला भाजायची सवय असणार."

"सर, ती विद्यार्थिनी आहे."

"मग? पार्टीत विद्यार्थी नकोत का?" आणि दारातून जाणाऱ्या रुपालीला हाक मारून म्हणाले, "ये गं. तिथं निवांत बोलू तुझ्या डिस्कचं."

म्हणून ती आली. आगटीच्या खड्ड्यापाशी बसली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसून, भाजून, तळहातावर चोळून हुरडा पाखडून देत राहिली. सर लोक सतरंजीवर बसून खात होते. गूळ, दही, शेंगाची चटणी. मीही खात होते. ज्वारी चांगली आली होती, कणसं भरलेली, आणि त्यांच्यावरून शेताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या. दोऱ्यांना काहीतरी गोल गोल लटकत होतं, वाऱ्यानं फिरत होतं, उन्हात चमकत होतं.

"पाखरांवर उपाय," बापूसाहेब सर कौतुकानं म्हणाले. "गोफण नको, राखण नको. बघा, एक चिमणी बसत नाही. आपल्या विभागाची कमाई आहे ती."

सगळे हसले. मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. रुपालीला नाही लागला. हातातलं कणीस खाली ठेवून ती उठली आणि दोरीखालून चालायला लागली, मान वर करून, एकेक नाव वाचत. अर्ध्या शेतात ती थांबली. मी तिच्या मागे गेले. दोन डिस्का पाठीला पाठ लावून तारेनं दोरीला बांधल्या होत्या. एकीवर सोनेरी स्टिकर, 'ठिबक सिंचन'. दुसरीवर उन्हानं फिकट झालेला मार्कर, रुपालीचं नाव आणि शेजारी मेंढरू. बाहेरची कड तारेला घासून घासून पांढरी पडली होती.

तोवर सर मागून आले होते, तळहातावर हुरडा घेऊन, एकेक दाणा तोंडात टाकत.

"सर," रुपाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीन वर्सं जपून ठेवायची म्हनला हुता."

"जपूनच आहे की. उघड्यावर आहे एवढंच." मग माझ्याकडं वळून, "ई-कचऱ्याचा पुनर्वापर, मॅडम. फोटो काढून ठेवलेत मी. नॅकच्या तपासणीच्या फाइलला लावायचेत."

त्या माणसाच्या मिशीत हुरड्याचा कोंडा अडकला होता, आणि तो खरोखर खूश होता. लबाड माणूस पकडला गेला की कसनुसा तरी होतो. ह्याला आपण काही केलंय हेच माहीत नव्हतं. मी बाजूला जाऊन तोंडातला हुरडा थुंकला.

"चटणी तिखट लागली का मॅडम?" सतरंजीवरून कुणीतरी विचारलं.

रुपाली आगटीपाशी गेली, तिथला विळा उचलून आणला आणि दोरी कापली. अख्खी ओळ खाली आली, ज्वारीवर. "अगं, अगं, पाखरं," सर म्हणाले. तिनं आपली डिस्क सोडवली, पदराखाली घ्यावी तशी ओढणीखाली घेतली आणि रस्त्याकडं चालायला लागली. मीही माझी पर्स उचलली. ह्या वर्षी मला तास मिळालेले नाहीत, हे सांगून टाकते, म्हणजे तुम्ही विचारत बसणार नाही.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं वाडीवर गेलो. लॅबच्या कॉम्प्युटरवर डिस्क लावायची तिची तयारी नव्हती. "घरातच लावायची," म्हणाली. वाटेत माझ्या फोनवर विभागाच्या ग्रुपमध्ये सरांनी टाकलेले फोटो आले, निळं आभाळ आणि चमकत्या डिस्का. खाली तिघांनी अंगठे वर केले होते. मी फोन बंद करून टाकला.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धुळा मेंढरं घेऊन नुकताच आला होता. मेंढरं आत घालताना त्याला मागून काठीनं रेटावं लागत होतं, एकीकडून आत गेली की दुसरीकडून बाहेर. "माजं ऐकत न्हाईत," तो मला म्हणाला. "सोळा आनं म्हाताऱ्याची सवय." वाघूर बंद करून तो दारात येऊन टेकला.

बजाबाईनं माझ्या हातात चहा दिला. रुपालीनं डिस्क पदरानं पुसून घ्यायला आईकडं दिली. बजाबाईनं ती हलक्या हातानं पुसली, मधून कडेकडं, जसं लेकीनं कधीतरी शिकवलं असणार. मग प्लेअरमध्ये घातली. बराच वेळ आत नुसती घरघर झाली. मी मनात बापूसाहेब सरांना जे म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

पडदा उजळला. संध्याकाळ, वाघूर, आणि तोंडाशी हात नेलेला म्हातारा. "हिर्रर्र, आऽऽ ये ये येऽऽ."

धुळा ताडकन उभा राहिला. बजाबाईनं तोंडावर पदर घेतला. चार मेंढ्या पडद्यावर आल्या आणि पहिलीच्या कपाळावर पिवळा टिळा लागला. रुपालीनं बटण दाबलं. पडदा काळा झाला, आतून खरखर आली, आणि मेनू परत आला. तिनं दुसरी मेंढी निवडली. काळा पडदा, खरखर, मेनू. तिसरी. चौथी, ओव्यांची. तिनं ती पुन्हा पुन्हा दाबली, हळू दाबली, जोरात दाबली.

"म्याडम?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

मला सांगावं लागलं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. मेनू सगळ्यात आधी, अगदी आतल्या बाजूला. बाकी सगळं, कान कातरणं, औषधं, ओव्या, ते बाहेरच्या बाजूला. जिथं तार घासत होती तिथं. "कडेचं गेलं," मी म्हणाले. "एवढंच राहिलंय."

हाळी संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. मेनूचा तो नियमच. टीव्हीचा आवाज बारीक करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग बाहेर चुळबुळ झाली. एक मेंढी ओरडली, मग दुसरी. मी दारातून बघितलं. बसलेली सगळी मेंढरं उठली होती आणि जाळ्याच्या ह्या बाजूला, घराकडं तोंड करून येऊन उभी राहत होती. कोणी रेटत नव्हतं, कोणी हाकत नव्हतं. मागची पुढं यायला बघत होती. म्हाताऱ्यानं पुन्हा हाळी दिली तशा सगळ्यांनी माना वर केल्या.

बजाबाई उठून माझ्या शेजारी आली. तिनं मेंढरांकडं बघितलं, आणि पदर तोंडावरून काढून, वळून लेकीला म्हणाली,

"बंद कर गं रुपे. त्यास्नी वाटतंय, म्हातारं आलंय."

रुपालीनं बटण दाबलं. आवाज थांबला. मेंढरं तशीच उभी राहिली, दाराकडं बघत.